आकार कोणाचा, दाब कोणाचा, जुळणी कोणाची? : कागद व नमदा यांच्या हस्तकलेतील डाय-कटिंग आणि एम्बॉसिंगचा इतिहास

बीजशब्द : डाय-कटिंग, एम्बॉसिंग, जाळीदार कागद, नमदा, हस्तनिर्मिती, स्त्रीश्रम

प्रस्तावना

महाविद्यालयांतील हस्तकला प्रदर्शनांत अलीकडे एक नवा पेच परीक्षकांपुढे उभा राहू लागला आहे. एका विद्यार्थिनीने शुभेच्छापत्र मांडलेले असते. त्यावरील फुले हाताने फिरवायच्या छोट्या रूळयंत्रात तयार पोलादी साचा घालून कापलेली असतात, पानांच्या शिरा प्लॅस्टिकच्या ठशाने उठविलेल्या असतात आणि मधोमध नमद्याचा, म्हणजे फेल्टचा, एक पक्षी चिकटविलेला असतो. शेजारीच दुसरीने केवळ कात्रीने कातरलेले, किंचित वेडेवाकडे पण सर्वस्वी तिचेच असे पत्र ठेवलेले असते. दोहोंवर चिठ्ठी मात्र एकच असते : ‘हस्तनिर्मित’. पहिल्या कृतीला ही चिठ्ठी लावणे योग्य की अयोग्य, यावर परीक्षकांचे एकमत होत नाही.

हा वाद वरवर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात त्याचा संबंध गुणदानाशी, बचतगटांनी विकावयास ठेवलेल्या वस्तूंच्या किमतीशी आणि त्यामागील श्रमांच्या मोलाशी आहे. साचा वापरला म्हणून वस्तू हस्तनिर्मित राहत नाही, असे म्हणावे तर साचा न वापरणारी हस्तकला शोधणे अवघड होते. साचा वापरूनही ती हस्तनिर्मितच राहते, असे म्हणावे तर या शब्दाला काही अर्थच उरत नाही. या पेचातून वाट काढण्यासाठी या साधनांचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर तीन प्रश्न विचारले आहेत. आकार कोणी ठरविला? दाब कोणी दिला? आणि सुट्या भागांची जुळणी कोणी केली?

साधनांचे स्वरूप

इतिहासाकडे वळण्यापूर्वी ही दोन्ही तंत्रे थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. डाय-कटिंगमध्ये पोलादाच्या धारदार पट्टीला हवा तो आकार देऊन ती पाटात बसवितात आणि दाबाने कागद, पुठ्ठा, कातडे अथवा नमदा त्या आकारात कापून घेतात. आपल्याकडील छापखान्यांत या कामाला ‘पंचिंग’ म्हणतात. त्याच पाटात बोथट पट्टी बसविली की कागद कापला न जाता त्यावर घडीची खूण उमटते. एम्बॉसिंगमध्ये कागद कापला जात नाही, उचलला जातो. एका बाजूस खोलगट ठसा आणि दुसऱ्या बाजूस त्याला जुळणारा उंच ठसा किंवा एखादा मऊ थर असतो. दोहोंमध्ये सापडलेला कागद दाबाखाली ताणला जातो व त्याचे तंतू नव्या आकारात स्थिरावतात. कागद किंचित ओला असल्यास किंवा ठसा गरम असल्यास उठाव अधिक ठळक येतो. सुती चिंध्यांच्या लांब तंतूंचा कागद खोल उठाव सहन करतो, तर आखूड तंतूंचा ठिसूळ कागद कडेला फाटतो.

नमद्याचे या दोन्ही तंत्रांशी असलेले नाते सहसा लक्षात घेतले जात नाही. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घर्षण मिळाले की ते खवले एकमेकांत अडकतात आणि विणकामाशिवायच कापड तयार होते. अशा कापडाला मराठीत पूर्वापार ‘बुरणूस’ असा शब्द आहे. ताणा-बाणा नसल्यामुळे नमदा कापला तरी त्याची कड उसवत नाही. म्हणूनच साच्याने कापण्यास तो कागदाइतकाच सोयीचा ठरतो. शिवाय युरोपीय पद्धतीच्या हातकागदात साच्यावरून उचललेला ओला ताव नमद्यावरच उतरविला जाई आणि ताव व नमदा यांची थप्पी दाबाखाली ठेवून पाणी काढले जाई. धातूच्या कोरीव पत्र्यावरून छाप घेण्याच्या रूळयंत्रातही नमद्याची घडी कागदाला पत्र्याच्या खोबणीत ढकलते. कागद आणि नमदा हे आजच्या हस्तकलेच्या टेबलावर प्रथमच एकत्र आलेले नाहीत, त्यांचा सहवास जुना आहे.

कात्री आणि सुरी : आकार कर्त्याचा

साच्यापूर्वीच्या काळात आकार ठरविणारा आणि कापणारा हात बहुधा एकच होता. सायबेरियाच्या अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील गोठलेल्या थडग्यांमध्ये इसवी सनापूर्वी ५ व्या ते ३ ऱ्या शतकातील नमद्याच्या वस्तू सापडल्या आहेत. तेथील उत्खनन १९२९ मध्ये सुरू झाले आणि सेर्गेई रुदेन्को यांनी १९४७ ते १९४९ या काळात ते पुढे नेले. खोगिरावरील आच्छादनांवर रंगीत नमद्याच्या कातरलेल्या आकृती शिवून बसविलेल्या आहेत. एका रंगाच्या पार्श्वभूमीवर दुसऱ्या रंगाची कातरलेली आकृती ठेवणे हे आजच्या नमदा-कलेचे मूलतत्त्व तेथे पूर्णत्वास गेलेले दिसते. कागदाच्या बाबतीत पाहिले तर शिनजियांगमधील तुर्फान परिसरातील थडग्यांतून ६ व्या शतकातील, घडी घालून कातरलेल्या वर्तुळाकार कागदी आकृती मिळाल्या आहेत. कागदाच्या घडीमुळे एका कापात अनेक आकृती मिळतात. एकच आकार पुनःपुन्हा मिळविण्याची इच्छा साच्याच्या आधीही होती, हे यावरून लक्षात येते.

युरोपातील एक उदाहरण या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. इंग्लंडमधील मेरी डेलानी (१७०० ते १७८८) यांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास कागद कातरून वनस्पतींची चित्रे घडविण्यास प्रारंभ केला. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून त्यांनी जवळजवळ एक हजार वनस्पतिचित्रे सिद्ध केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. येथे आकार, काप आणि जुळणी ही तिन्ही कामे एकाच हाताची होती. मात्र त्यासाठी लागणारी फुरसत, उत्तम कागद आणि ज्या उद्यानांतून नमुने मिळत त्यांच्यापर्यंतची पोच ही सुस्थितीतील वर्गाचीच होती. साच्याविना हस्तनिर्मिती ही शुद्ध खरी, पण ती सर्वांना परवडणारी नव्हती.

राजसत्तेचा उठाव

एम्बॉसिंगचा आरंभ मात्र सौंदर्यासाठी नव्हे, तर अधिकारासाठी झाला. युरोपात मेणावर कागदाचा तुकडा ठेवून त्यावर मुद्रा दाबण्याची रीत होती. त्यामुळे मुद्रेचा उठाव कागदावर येई आणि मेणही सुरक्षित राही. आपल्याकडील मराठाकालीन कागदपत्रांवर शिक्का व मोर्तब शाईने उमटविले जात. घोटलेल्या कागदाचा गुळगुळीत पृष्ठभाग शाईच्या छापाला अनुकूल होता. युरोपने कागदाच्या अंगातच खूण उठविण्याचा मार्ग पत्करला, कारण शाई खोडता येते, पण उठाव सहजी पुसता येत नाही.

इंग्लंडमध्ये १६९४ पासून दस्तऐवजांवर मुद्रांकशुल्क लागू झाले आणि शुल्क भरल्याची खूण कागदावर उठविली जाऊ लागली. हाच उठाव १७६५ च्या मुद्रांक कायद्याने अमेरिकेतील वसाहतींवर लादला गेला. वृत्तपत्रे, परवाने, न्यायालयीन कागद, इतकेच नव्हे तर खेळण्याचे पत्तेही त्यातून सुटले नाहीत. प्रखर विरोधामुळे पुढच्याच वर्षी, १७६६ मध्ये, हा कायदा मागे घ्यावा लागला. कागदावरील एका बिनरंगी उठावाने एवढा क्षोभ निर्माण केला, याचे कारण त्या आकाराचा मालक कोण हे प्रत्येकाला स्पष्ट दिसत होते. भारतातही १८९९ च्या मुद्रांक अधिनियमाने कागदावर उठविलेल्या किंवा कोरून छापलेल्या मुद्रांकाचा अंतर्भाव ‘छापील मुद्रांक’ या संज्ञेच्या व्याख्येत केला.

या परंपरेचा मुंबई इलाख्याशी थेट संबंध असलेला एक टप्पा म्हणजे ‘सिंध डाक’ तिकीट. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्याचा भाग होता. तेथील आयुक्त बार्टल फ्रिअर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, त्यांच्या पुढाकाराने १ जुलै १८५२ रोजी ही अर्ध्या आण्याची तिकिटे प्रचारात आली. चिकटविण्याचे टपाल तिकीट म्हणून ती आशियातील पहिली मानली जातात. प्रारंभी लाल लाखेच्या पातळ चकतीवर ठसा उठविला गेला, परंतु लाख ठिसूळ असल्याने चकत्या तडकत. नंतर पांढऱ्या कागदावर बिनरंगी उठाव घेण्यात आला, पण मंद उजेडात तो दिसेना. अखेरीस निळ्या रंगातील उठावाचा उपाय योजला गेला. ऑक्टोबर १८५४ मध्ये अखिल भारतीय तिकिटे आल्यावर सिंध डाक बंद झाली. या तीन प्रयत्नांत एम्बॉसिंगचे सारे तंत्रविषयक धडे सामावले आहेत. पदार्थ दाब सोसणारा हवा, आणि उठाव दिसण्यासाठी प्रकाश किंवा रंग हवा. आजची हस्तकला करणारी व्यक्ती उठावलेल्या कागदावर शाईचा हलका हात फिरविते तेव्हा ती याच अडचणीवर तोच उपाय करीत असते.

कारखान्यातील साचा आणि घरातील हात

कापणे आणि उठविणे ही दोन्ही तंत्रे एकाच व्यवसायात एकत्र आल्याचे एक जुने सचित्र प्रमाण दिदेरो यांच्या विश्वकोशात आढळते. १७६२ ते १७७२ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चित्रखंडांत कृत्रिम फुले बनविणाऱ्यांच्या कार्यशाळेची चित्रे आहेत. पाकळ्या व पाने कापण्याचे पोलादी ठोकळे, म्हणजे आजच्या डायचे पूर्वज, आणि पानांवर शिरा उठविण्याचे ठसे त्यांत तपशिलाने दाखविले आहेत. आजच्या हस्तकलेच्या पेटीतील साहित्याशी त्यांचे साम्य थक्क करणारे आहे. ठोकळ्यावर हातोडी मारली की कापडाच्या अनेक थरांतून एकसारख्या पाकळ्या निघत. परंतु त्या पाकळ्यांचे फूल मात्र बोटांनीच बांधावे लागे.

हाच नियम एकोणिसाव्या शतकातील कागदकामात दिसतो. लंडनमध्ये शतकाच्या प्रारंभापासून उठावाचा शोभिवंत कागद तयार होऊ लागला होता. १८३४ साली जोसेफ अॅडनब्रुक या कारागिराच्या हातून उठावलेल्या कागदाचे उंच भाग कानशीने घासले गेले आणि त्यातून जाळीदार कागद निर्माण झाला, असे सांगितले जाते. कथा कशीही असो, तंत्र असेच होते. प्रथम उठाव, मग उंच भाग घासून छिद्रे. कापड-जाळीचा आभास देणारा हा कागद प्रेमपत्रांसाठी लोकप्रिय झाला. १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाल्यावर त्याची मागणी फार वाढली.

अमेरिकेतील वुस्टर येथील एस्थर हाउलँड (१८२८ ते १९०४) यांचे कार्य या इतिहासात मध्यवर्ती आहे. त्यांच्या वडिलांचे पुस्तके व लेखनसाहित्याचे दुकान होते. इंग्लंडहून आलेले एक शोभिवंत पत्र पाहून त्यांनी जाळीदार कागद व रंगीत चित्रे मागविली आणि काही नमुने तयार केले. भावाने फिरतीवर असताना त्यांसाठी अपेक्षेपेक्षा कित्येक पटींनी अधिक मागणी आणली. मग घरातील एका खोलीत तरुणींना बसवून त्यांनी काम वाटून दिले. एकीने चित्रे कापावयाची, दुसरीने पार्श्वभूमी लावावयाची, तिसरीने जाळी चिकटवावयाची. ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नव्हते त्यांच्याकडे साहित्याची पेटी पाठविली जाई आणि काही दिवसांनी तयार माल परत आणला जाई. १८८१ च्या सुमारास हा धंदा जॉर्ज व्हिटनी यांनी विकत घेतला. मोटारीच्या कारखान्यांतील साखळी-पद्धतीचा इतिहास आपण शिकवितो, पण ती पद्धत त्यापूर्वी कितीतरी वर्षे कागद, कात्री आणि खळ घेऊन बसलेल्या स्त्रियांच्या टेबलावर नांदत होती, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

याच काळात बर्लिन व जर्मनीतील अन्य शहरांतून रंगीत शिळाछापाची, उठावाची आणि साच्याने कापलेली लहान चित्रे जगभर जाऊ लागली. तावातील चित्रे कागदाच्या बारीक पट्ट्यांनी एकमेकांशी जोडलेली असत आणि ती तोडून वहीत चिकटविली जात. येथे महत्त्वाचा बदल घडला. आकार ठरविणे, छापणे, उठविणे व कापणे हे सारे कारखान्यात गेले आणि घरातील स्त्रिया व मुलांकडे केवळ निवड आणि मांडणी उरली. तरीही तयार झालेली वही तिच्या कर्त्याला स्वतःचीच वाटे, आणि ती भावना खोटी नव्हती. कोणते चित्र कोणाशेजारी ठेवावयाचे हा निर्णय तिचाच होता.

डाय-कटिंगला पुठ्ठ्याच्या उद्योगात निर्णायक वळण १८७९ मध्ये मिळाले. ब्रुकलिन येथील रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात बियांच्या पिशव्या छापताना घडीसाठी बसविलेली धातूची पट्टी सरकली व तिने कागद कापून टाकला. त्या चुकीतून एकाच दाबात काप आणि घडी दोन्ही घेता येतील, हे गेअर यांना उमगले. सपाट अवस्थेत पाठविता येणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे युग येथून सुरू झाले.

दाब यंत्राकडे गेल्यावरही जुळणी हाताकडेच राहिली आणि तिचे मोल सर्वांत कमी राहिले, ही या इतिहासाची दुसरी बाजू आहे. न्यूयॉर्कमधील कृत्रिम फुले बनविणाऱ्या स्त्रियांविषयी मेरी व्हॅन क्लीक यांनी केलेली पाहणी १९१३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. साच्याने कापलेल्या पाकळ्या घरी नेऊन आई व मुले त्यांची फुले बांधीत आणि नगावर मजुरी घेत. लुईस हाइन यांच्या छायाचित्रांत अशा खोल्यांतील टेबलाभोवती बसलेली लहान मुले आजही दिसतात. ते फूल निःसंशय ‘हाताने बनविलेले’ होते. ‘हस्तनिर्मित’ हा शब्द नेहमीच गौरवाचा नसतो, हे या उदाहरणावरून ध्यानी यावे.

शाळा आणि घर : साच्याचे लहान होणे

कागदकामाला शिक्षणात स्थान मिळाले ते फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२ ते १८५२) यांच्यामुळे. कागदाला टोचे मारणे, घडी घालणे, कातरणे व विणणे हे त्यांच्या बालोद्यानातील व्यवसाय होते. आपल्या शाळांतील ठसेकाम, कातरकाम व चिकटकाम यांची कल्पना याच विचाराशी नाते सांगते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४ ते १९६६) कार्यानुभवाचा आग्रह धरला आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची संकल्पना मांडली. या साऱ्यांत हाताला वळण लागणे हे साध्य होते. वस्तू हे साधन होते.

नेमक्या याच ठिकाणी साच्याचा घरगुती अवतार जन्माला आला. कॅलिफोर्नियातील एलिसन या १९७७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने शिक्षकांना भिंतीवरील फलकांसाठी अक्षरे व आकृती झटपट कापता याव्यात म्हणून हातदांड्याची यंत्रे शाळांना पुरविली. दरम्यान १९८० नंतर अमेरिकेत कौटुंबिक छायाचित्रांच्या सुशोभित वह्या करण्याचा छंद पसरला. त्या मागणीवर स्वार होऊन एलिसननेच २००१ मध्ये ‘सिझिक्स’ या नावाने घरातील टेबलावर बसणारे छोटे यंत्र आणले. साचा, कागद व पाट यांची चळत दोन रुळांमधून हाताने फिरवून काढली की काप मिळतो. साच्याऐवजी उठावाचा ठसा घातला की त्याच यंत्रात एम्बॉसिंग होते, आणि जाड पोलादी पट्टीचा साचा असेल तर नमद्याचा थरही स्वच्छ कापला जातो. सत्तेच्या कचेरीतून कारखान्यात आणि कारखान्यातून शाळेत आलेले साधन अशा रीतीने घरात स्थिरावले.

दाब पुन्हा कर्त्याच्या हाती आला, परंतु आकार आला नाही. तयार साचा विकत घेणारी व्यक्ती त्यातील फूल बदलू शकत नाही. संगणकाच्या आज्ञेने पाते फिरविणाऱ्या यंत्रांमुळे हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. कारण त्यांना साचाच लागत नाही. पण अशा यंत्रांपैकी ‘क्रिकट’चे आरंभीचे यंत्र कंपनीने विकलेल्या आकृतिसंचांवरच चाले. पुढे स्वतःच्या आकृती वापरण्याची मुभा मिळाली. मार्च २०२१ मध्ये त्याच कंपनीने वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला केवळ २० स्वतःच्या आकृती चढविता येतील असे जाहीर केले, तेव्हा जगभरच्या वापरकर्त्यांनी तीव्र निषेध केला आणि निर्णय मागे घेण्यात आला. १७६५ आणि २०२१ या दोन प्रसंगांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. तथापि कागदावरच्या आकारावर हक्क कोणाचा, हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे, एवढे निश्चित म्हणता येईल.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात हातकागदाची परंपरा जुन्नर आणि दौलताबादजवळील कागजीपुरा येथे दीर्घकाळ नांदली. गिरणीच्या कागदापुढे ती क्षीण झाल्यावर ग्रामोद्योगाच्या चळवळीने तिला नवे बळ दिले आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था स्थापन झाली. या उद्योगाने ‘हस्तनिर्मित’ शब्दाचा जो अर्थ प्रत्यक्षात स्वीकारला तो आपल्या विषयाला प्रकाश देणारा आहे. सुती चिंध्यांचा लगदा यंत्राच्या कुंडात कुटला जातो, पाणी दाबयंत्राने काढले जाते, कागदाला झिलईही रूळ देतात. तरीही तो हातकागदच, कारण लगद्यातून ताव उचलण्याचे काम हात करतो. तावाचा पोत, जाडी आणि कड ज्या क्षणी ठरते तो क्षण हाताचा आहे. म्हणजे ‘हस्तनिर्मित’ हा यंत्राच्या संपूर्ण अभावाचा निर्देश नसून निर्णायक टप्पा कोणाचा, याचा निर्देश आहे.

सणासुदीच्या कागदकामातही हे स्थित्यंतर दिसते. घोटीव व पतंगी कागदाचे आकाशकंदील, त्यांच्या झिरमिळ्या, पताका आणि गणपतीचे मखर घरोघरी कातरले जात. मधल्या काळात थर्मोकोलच्या तयार मखरांनी हे काम मागे टाकले. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी घातल्यानंतर कागद व पुठ्ठ्याच्या मखरांकडे पुन्हा लक्ष वळले. यांतील अनेक मखरे डायने कापलेली व घडी घातलेली असतात. कुटुंबाने ती उलगडून खाचांत बसवावयाची असतात. गेअर यांच्या खोक्याचे तत्त्व अशा रीतीने देवघरापर्यंत आले आहे. यात पर्यावरणाचा लाभ निर्विवाद आहे. मात्र पूर्वी रात्र-रात्र जागून जाळी कातरणाऱ्या घराकडे आता केवळ जुळणी उरली, हेही तितकेच खरे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, डाय-कटिंग व एम्बॉसिंग ही हस्तकलेवर बाहेरून आलेली अलीकडची आक्रमणे नाहीत. शिरा उठविण्याचा ठसा आणि पाकळी कापण्याचा ठोकळा निदान अठराव्या शतकापासून हातकामाच्या पेटीत आहेत. दुसरी, या साधनांच्या प्रवासात दाब, आकार आणि जुळणी यांची मालकी वेगवेगळ्या गतीने बदलली. दाब यंत्राकडे गेला आणि घरगुती यंत्रामुळे अंशतः परत आला. आकार शासन किंवा उत्पादक यांच्याकडे एकवटला आणि अजूनही पुरता परत आलेला नाही. जुळणी मात्र सातत्याने हाताकडे, बहुतांशी स्त्रियांच्या हाताकडे, राहिली आणि तिचेच मोल सर्वांत कमी लावले गेले. तिसरी, कृती हस्तनिर्मित आहे की नाही, या होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नातून न्याय्य उत्तर मिळणे कठीण आहे.

म्हणून प्रदर्शनातील चिठ्ठीवर एका शब्दाऐवजी तीन ओळी असाव्यात, अशी नम्र सूचना करावीशी वाटते : आकार स्वतःचा की तयार, काप व उठाव कशाने केला, आणि जुळणी कोणाची. तयार साच्याचे फूल वापरून विद्यार्थिनीने नवी रचना साधली असेल तर तिला रचनेचे श्रेय पूर्णत्वाने मिळावे. जिने पुठ्ठ्यावर स्वतः आकृती काढून ती कोरली व त्यावर ओला कागद दाबून उठाव घेतला तिला आकाराचेही श्रेय मिळावे. हा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो, त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. जाड पुठ्ठा, सुती कागद, नमद्याचा एक तुकडा आणि वर ठेवण्यास वजन एवढे पुरे होते. बचतगटांच्या बाबतीतही हीच तीन ओळींची चिठ्ठी जुळणीला लागलेले तास ग्राहकाच्या दृष्टीस आणील आणि किमतीवर घासाघीस करणाऱ्याला क्षणभर थांबवील.

प्रारंभी उल्लेखिलेल्या परीक्षकांच्या वादात दोन्ही पक्ष अंशतः बरोबर होते. एक पक्ष आकाराकडे पाहत होता, दुसरा जुळणीकडे. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत आणि दोहोंचे मोल निरनिराळे करावयास हवे, एवढे जरी या इतिहासाने मान्य करविले तरी त्याच्या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.